काकूंची पिशवी कोण धरणार

वर्तकनगरातल्या आमच्या इमारतीच्या समस्त रहिवाशांना, त्यांच्या पाहुण्यांना आणि गेटवरच्या वॉचमनला अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, गेल्या रविवारी सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या मालतीकाकू सावंत हातात एकच पिशवी घेऊन घराबाहेर पडल्या. आणि ती पिशवी त्यांची स्वतःची होती.

काकू ज्यांना माहीत नाहीत त्यांना यात काही विशेष वाटणार नाही. आम्ही मात्र गॅलरीत येऊन बघत होतो.

"द्या इकडे, मी सांभाळते," हे काकूंचं आयुष्यभराचं वाक्य. लग्न असो, देवळाची रांग असो, काकू एक बाक गाठतात आणि बघता बघता त्यांची खुंटाळी होते. दोन्ही दंडांत पर्सा, गळ्यात कुणाचा तरी चष्मा, मांडीवर मोबाइल, पदराखाली चपलांचे जोड. पिशवी खाली ठेवायची नाही. "धूळ लागते रे."

डोंबिवलीच्या एका लग्नात भटजींनी झोळी त्यांच्याकडे दिली. मुहूर्ताला नवरानवरी समोरासमोर उभी, आणि मध्ये धरायचा अंतरपाट झोळीत. काकू जेवणाच्या हॉलमध्ये झोळी खांद्याला लावून मठ्ठा पीत होत्या. भटजी तणतणले, तर म्हणाल्या, "मागितली असती तर दिली असती. मी काय पळून जात होते?"

त्यांचा एक जपही आहे. "निळी, भगवी, चेनवाली, सुलूची." तो संपला की परत पहिल्यापासून. नजर पिशव्यांवरून हलत नाही.

इमारतीची सहल दर वर्षी डोंगराच्या पायथ्याच्या त्या पाळण्यांच्या पार्कात जायची. आम्ही सगळे मोठ्या पाळण्याकडे, काकू समोरच्या बाकावर. त्यांचा एकुलता एक अमित खाली उतरला की धावत यायचा.

"आई, मी वरून हात केला. बघितलंस?"

"बघितलं ना."

"मग तू का नाही केलास?"

"हात रिकामे होते का माझे?"

आम्ही हसायचो. अमितही हसायचा. त्याला मिशी फुटली, नोकरी लागली, तरी दर सहलीला हाच संवाद. पुढेपुढे तो शेवटी एवढंच जोडायचा, "एकदा तू बस ना वर. पिशव्या मी धरतो."

"तू? तू एक तरी हरवशील."

अमित मागच्या वर्षी गेला. दुखणं साधं वाटलं होतं. हॉस्पिटलच्या बाकावर काकू त्याचं घड्याळ, चष्मा आणि मोबाइल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सगळं संपल्यावर नर्स म्हणाली, "आजी, सामान पिशवीत भरू का?" काकू म्हणाल्या, "नको, असू दे. सांभाळते मी."

तर, रविवार. ही हकिगत त्यांनीच मला संध्याकाळी जिन्यात सांगितली, पायरीवर बसून. माजिवड्याहून रिक्षा करून त्या पार्कात पोचल्या. तिकिटाच्या खिडकीतल्या माणसानं विचारलं, "मावशी, बाकीचे मागून येतायत का?" त्या "नाही" म्हणाल्या आणि आत जाऊन सवयीनं त्याच बाकावर बसल्या. म्हणता म्हणता कल्याणचं एक कुटुंब आलं, "मावशी, जरा बघाल का?" म्हणालं आणि पिशव्या ठेवून पसार झालं. काकूंचा जप सुरू.

ती मंडळी परतली तेव्हा काकू उठल्या आणि पाळण्याच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. नंबर आला, तर पाळणेवाला म्हणाला, "पिशवी वर नाही चालणार. कोणाकडे तरी देऊन या."

"दिलीप, मी तिथेच उभी रे. मागचे लोक म्हणतायत, चला चला. आणि माझी पिशवी धरायला माणूसच नाही," काकू मला सांगत होत्या.

तेवढ्यात बाकावरून त्या कल्याणच्या कुटुंबातली बाई उठून आली. "द्या इकडे मावशी, मी सांभाळते." आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकून काकू इतक्या गांगरल्या की त्यांनी पिशवी देऊन टाकली. आत पाण्याची बाटली होती आणि डब्यात थालीपिठं. दोघांना पुरतील एवढी.

इथे काकू खालच्या पायरीकडे बघत म्हणाल्या, "मी खोटं बोलायचे त्याच्याशी. एकदाही वर बघितलं नव्हतं. मान वर केली आणि तेवढ्यात एखादी पिशवी गेली म्हणजे? मला वाटायचं, एवढ्या उंचावरून त्याला कुठे कळतंय."

पाळणा अगदी वर जाऊन थांबला. शेजारी कुठल्याशा कॉलेजातली मुलगी होती. काकूंनी जीव मुठीत धरून खाली बघितलं. बरोबर समोर तो बाक. बाकावर ती बाई, तिच्या मांडीवर काकूंची पिशवी. पिशवीची लाल नाडीसुद्धा ओळखू येत होती. बाई मान खाली घालून मोबाइल बघत होती.

काकूंनी हात केला. मग दोन्ही हात केले, रिकामेच होते. बाईनं वर बघितलं नाही.

तेव्हा काकू जे बोलल्या, ते इतक्या मोठ्यानं की शेजारची मुलगी दचकली.

"अगं बाई, त्याला सगळं दिसत होतं."