बोलावल्याशिवाय आत न येणारा

मनोहर सबनीस बेल वाजवायचा आणि दोन पावलं मागे सरकायचा. आपण दार उघडलं, बाजूला झालो, हाताने रस्ता दाखवला, तरी हा पायरीवरच. एका पायावरून दुसऱ्या पायावर, खिशातल्या किल्ल्या खुळखुळवत. "शब्द हवा, डॉक्टर," म्हणायचा. "आत ये" असं तोंडाने म्हटलं की मगच स्वारी आत.

याचं मूळ एका कॉमिकमध्ये होतं. सुपरहीरो नवे नवे होते तेव्हाचं, लहानपणी नागपूरला रद्दीवाल्याकडून घेतलेलं. त्यात एक रक्तपिपासू खलनायक होता. काळा झगा, सुळे, दिवसभर झोप. त्या एका अंकात आला आणि त्यातच मेला. पुढे कोणी त्याची आठवणही काढली नाही. मनोहरने मात्र त्याचं वकीलपत्र घेतलं होतं. आयरिश लोक कुठल्याही तिऱ्हाइताला 'युअर मॅन' म्हणतात, तसा हा त्या खलनायकाला 'आपला माणूस' म्हणायचा.

"आपला माणूस बोलावल्याशिवाय कधी कोणाच्या घरात शिरला?" आमच्या टेबलाभोवती फेऱ्या घालत तो विचारायचा; बसणं त्याला ठाऊकच नव्हतं. "आणि तो हीरो बघ. काच फोडून थेट दिवाणखान्यात. आता सांग, संस्कार कोणावर झाले होते?"

त्यात हा आमच्या हॉस्पिटलात रक्ततपासणीच्या लॅबमध्ये. स्वोर्ड्स या आमच्या आयरिश गावातल्या मराठी पोरांना तेवढं पुरे होतं. ती आयरिश हेल काढून विचारायची, काका, आज कोणाचं रक्त प्यायलात, आणि हा गंभीरपणे सांगायचा, की बी पॉझिटिव्ह जरा खारट लागतं. माझी बायको हसून "आत या, भाऊजी" म्हणायची. मला मात्र कंटाळा यायचा. थंडीत दार उघडं धरून किती वेळ उभं राहायचं?

खिशात युरो नुकते आले होते, त्या वर्षी मंडळाचा गणपती आमच्याकडे होता. गणपतीच्या दर्शनाला आपल्यात कोणी आमंत्रण देत नाही. कानावर आलं की माणसं येतात. मीही कोणाला वेगळं बोलावलं नाही. आरतीच्या आधी निरांजन आणायला वर गेलो, तर खिडकीतून मनोहर दिसला. फाटकापाशी, हातात स्टीलचा डबा. घराचं दार सताड उघडं होतं, लोक चपला काढून आत जात होते आणि हा पाय बदलत उभा.

खाली माझे वरिष्ठ डॉक्टर पहिल्यांदाच घरी आले होते. त्यांच्यापुढे आता सुळे, झगा, आपला माणूस, सगळं सुरू होणार. येईल लेकाचा, असं म्हणून मी खाली उतरलो. चैन पडेना. पुन्हा वर गेलो. तो होता. पुन्हा खाली. आरती संपल्यावर पाहिलं तेव्हा नव्हता.

मंडळात पुढे बोललं गेलं, की सबनीसांना भारी मान लागतो, गणपतीलाही निमंत्रण हवं. मी ते चालू दिलं. आता माझं वय झालं आहे, म्हणून लिहून ठेवतो. त्याला मान नको होता.

मलाही ते उशिराच कळलं. मंडळातलं ते वाक्य एकदा मी घरात बोललो, तेव्हा बायको चिडली. भाऊजींनी तिला कधीतरी सांगितलं होतं. त्यांची बायको सुधा गेली, त्यानंतर एका संध्याकाळी ते जुन्या सवयीने बेल न वाजवताच आमच्याकडे शिरले. आत हशा चालला होता. त्यांना पाहून सगळे एकदम गप्प झाले.

"आपण त्यांचं दुःख जपत होतो," बायको म्हणाली. "त्यांना वाटलं, आता आपण जाऊ तिथलं हसणं आटणार."

तो 'शब्द हवा' त्यानंतरचा. खलनायक फक्त निमित्ताला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दारात गेलो. बेल वाजवली, दोन पावलं मागे सरकलो. त्याने दार उघडलं, बाजूला झाला, हाताने रस्ता दाखवला. मी हललो नाही. भुरभुर पाऊस कॉलरमध्ये शिरत होता आणि किल्ल्या आता माझ्या खिशात वाजत होत्या.

त्याने माझ्या खिशाकडे पाहिलं.

"आत ये," म्हणाला. मग स्वयंपाकघराकडे वळता वळता, "मोदकांचं विचारू नकोस. एकवीसच्या एकवीस मी एकट्याने खाल्ले."