डोक्याचा वास घेणाऱ्या कुंदाताई

कुंदाताईंनी पहिल्याच भेटीत माझ्या डोक्याचा वास घेतला.

नोकरीचा पहिला दिवस होता. आईने डोक्यावर भरपूर खोबरेल थापून, भांग पाडून पाठवलं होतं. गेटवर नाव सांगतोय तोच पन्नाशीतली एक धिप्पाड बाई पुढे आली, माझा कान धरून डोकं खाली वाकवलं आणि जोरात श्वास ओढला. मी हबकलो. मला वाटलं, चुकून भलत्याच ठिकाणी आलो.

"घरी जा," ती म्हणाली. "साबनाने डोकं धू. मग ये."

आमचा कारखाना रेवदंड्याच्या रस्त्यापासून जरा आत, खाडीच्या बाजूला. हवा गार करत करत तिचा द्रव करायचा, त्यातला ऑक्सिजन वेगळा काढायचा आणि टँकरात भरून इस्पितळांना पाठवायचा, हे आमचं काम. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही. पण तो जिथे जास्त झाला तिथे बाकीचं सगळं पेटायला टपलेलं असतं, आणि तेलाचा, ग्रीसचा तर एक थेंब पुरतो. ही आग लागू न देणं हे कुंदाताईंचं काम. त्या आमच्या सेफ्टी ऑफिसर.

मूळच्या रेवदंड्याच्या कोळीवाड्यातल्या. इंजिनीअरिंगचा डिप्लोमा केलेल्या. साहेबांसमोर शुद्ध बोलत, पण तापल्या की सरळ घरच्या बोलीवर येत. "दिसत न्हाय, वास न्हाय, पन हाय!" हे त्यांचं ऑक्सिजनविषयीचं एकमेव व्याख्यान. नव्या माणसाला ते दिवसातून किती वेळा ऐकावं लागे याला सुमार नव्हता.

डबा खाल्ल्यावर त्या प्रत्येकाची बोटं तपासत. लोणचं आणलं तर ते गेटवरच राही. दसऱ्याला पाना-पक्कडांची पूजा व्हायची, पण हळद आणि फुलं वाहून. समईतलं तेल आत येऊ द्यायच्या नाहीत. एका वर्षी नवे भटजी आले, तेव्हा ताईंनी आधी त्यांचं निरांजन काढून घेतलं आणि मग त्यांच्या शेंडीचा वास घेतला. भटजी अर्धे मंत्र विसरले.

मुंबईहून मोठे साहेब पाहणीला आले तो दिवस तर कोणीच विसरणार नाही. केस चापून बसवलेले, चकचकीत. आम्ही हार घेऊन उभे. ताई पुढे झाल्या, टाचा उंचावल्या आणि साहेबांच्या टाळूपाशी नाक नेलं. मॅनेजरच्या हातातला हार खाली पडला.

"साहेब, काय लावलंय डोक्याला?"

"जेल," साहेब घाबरून म्हणाले.

"बेसिन तिकडे हाय."

साहेब गेले, डोकं धुऊन आले, आणि ओल्या केसांनीच पाहणी केली. ताईंची नोकरी गेली असं आम्ही धरूनच चाललो होतो. गेली नाही. साहेब मात्र पुन्हा आले नाहीत.

माझ्या लग्नात त्या अक्षता टाकायला आल्या. मी वाकून नमस्कार केला, आणि त्यांनी सवयीने माझ्या डोक्याचा वास घेतला. भर मांडवात! बायकोच्या मावश्या अजून मला विचारतात, ती बाई कोण होती म्हणून.

मला वाटायचं, हिला वेडच आहे. बायकोच्या मावश्यांनाही मी तेच सांगितलं होतं. मग ती दुपार आली.

टँकर भरत होता. अचानक पाइपाच्या सांध्यातून गळती सुरू झाली. पायाशी पांढरं धुकं पसरलं, बघता बघता कमरेपर्यंत चढलं. टँकरचा ड्रायव्हर रामधनी, बिहारातल्या छपऱ्याकडचा तरणा गडी, मदत करायला त्या धुक्यात घुसला. ऑपरेटरने व्हॉल्व्ह बंद केला, धुकं विरलं. सगळ्यांनी हुश्श केलं. हा ऑक्सिजन कपड्यांत मुरून राहतो, म्हणून धुकं लागलेल्या माणसाने वाऱ्यात चांगला अर्धा तास उभं राहायचं, विस्तवाजवळ जायचं नाही, असा नियम होता. ऑपरेटरला ताईंनी वाऱ्यात उभं केलं आणि मागे वळून बघितलं.

"ड्रायव्हर कुठाय?" ताईंनी विचारलं.

"बाहेर गेला. टपरीवर."

ताई पळाल्या. त्यांना पळताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी मागोमाग.

गेटबाहेर चहाच्या टपरीजवळ रामधनी उभा. तोंडात बिडी, हातात काडेपेटी, काडी ओढायच्या बेतात. ताईंनी धावत जाऊन त्याच्या हातावर असा फटका मारला की पेटी उडाली. दुसरा फटका गालावर. बिडी उडाली. मग दोन्ही हातांनी त्याचा शर्ट धरून टराटरा फाडला. बटणं चहाच्या पेल्यांत पडली. टपरीवरची माणसं आ वासून बघत राहिली.

"मॅडम, पागल हो गयी क्या?" रामधनी ओरडला.

"पँट काढ!"

त्याने दोन्ही हातांनी पट्टा घट्ट धरला. ताईंनी हातातला शर्ट लांब भिरकावला. खाडीवरून वारा होता. शर्ट वाऱ्याबरोबर गेला आणि टपरीमागे नारळाच्या सोडणांचा ढीग धुमसत होता, त्यावर जाऊन पडला.

भप्प!

शर्ट जळाला असं म्हणता येणार नाही. जळायला वेळ लागतो. एक पांढरा लखलखाट झाला आणि शर्ट नव्हता. आमच्या भुवयांना झळ लागली. रामधनीने त्या ढिगाकडे पाहिलं, स्वतःच्या छातीकडे पाहिलं आणि कुणी सांगायची वाट न बघता पँट काढून पळत मोकळ्या मैदानात जाऊन उभा राहिला.

ताई मात्र मटकन खाली बसल्या. "माझ्याच हातनं तिकडं गेला रं," एवढंच म्हणाल्या.

टपरीवाल्याने रामधनीला एक टॉवेल दिला. तो वाऱ्यात कुडकुडत, रडत उभा. ताई थोड्या वेळाने उठल्या आणि मला म्हणाल्या, "परकास, गाडी काढ. घरी जायाचं हाय."

इतक्या वर्षांत त्यांनी कोणाला घरी बोलावलं नव्हतं. कोळीवाड्यातलं छोटं, झाडून पुसून लख्ख केलेलं घर. समोरच्या अंगणात बोंबील वाळत होते. ह्यांच्या अंगणात काहीच नव्हतं. त्यांनी कपाट उघडलं. आत नवे कोरे शर्ट, प्लॅस्टिकसकट, एकावर एक रचलेले.

"कोणाचे, ताई?"

"माझ्या पोराचे. बोटीवर हाय तो. दर दिवाळीला एक घेऊन ठेवते."

त्यांना मुलगा आहे हे कारखान्यात कोणाला ठाऊक नव्हतं. मी विचारून बसलो, "येतात का?"

"फोन येतो कवा कवा." त्या शर्ट उलटेपालटे करत राहिल्या. "पयले यायचा."

मग एक निळा चौकड्यांचा काढून माझ्यापुढे धरला. "ह्यो होईल त्या पोराला? माझ्या पोराचं आताचं माप मला म्हाईत न्हाय. अंदाजानंच घेते."

परत आलो. ताईंनी एकेक टाचणी काढून शर्ट रामधनीच्या हातात दिला. त्याने घातला. बाह्या किंचित आखूड, पण खांद्यात नेमका बसला. ताईंनी त्याला वळायला लावलं, पाठीवरची घडी हाताने सारखी केली, मग पुन्हा समोर वळवलं आणि कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. आम्ही दुसरीकडे बघू लागलो.

रामधनीला अवघडल्यासारखं झालं. गाल अजून लाल होता. "मॅडम," तो हळूच म्हणाला, "धो के वापस कब दूँ?"

"वापस नको," ताई म्हणाल्या. "पुढच्या खेपेला येशील, तवा घालून ये."