नवव्या पानावरचं डुक्कर

"हे पुस्तक वाचून पोरं रडतील, पोरांचे आईबाप रडतील, आणि शिक्षण खात्याच्या अतेथाबाई तर डोळे पुसत पुसत अख्ख्या बेटावरच्या शाळांसाठी प्रती मागवतील! लिहून ठेव!"

विलिमाइनाने हे जाहीर केलं तेव्हा तिचा नवरा आपेनिसा पायरीवर बसून मासे साफ करत होता.

"आणि मी काय करू?" त्याने विचारलं.

"तू चित्रं काढायची!"

आपेनिसाच्या हातातला मासा निसटून खाली पडला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोने त्याच्या चित्रकलेची दखल पहिल्यांदाच घेतली होती.

विलिमाइना ज्या शाळेत शिकवायची ती खाडीच्या तोंडाशी होती. अलीकडे नाम्बुका गाव, पलीकडे वायतोला गाव, आणि मधे ही शाळा, दोन्हीकडच्या पोरांची. शाळेच्या कपाटात थोरामोठ्यांची चरित्रं होती. कुणी ग्रह शोधले, कुणी रोगावर लस काढली, कुणी बायकांना मताचा हक्क मिळवून दिला, कुणी लढाया थांबवल्या. पोरांना सगळी चरित्रं तोंडपाठ! पण त्यात फिजीचं कुणी नाही. आणि मग विलिमाइनाच्या डोक्यात वीज चमकली. लढाई थांबवणारी बाई तर इथंच, चिंचेखालच्या घरात राहते की! बु तितिलिया!

दोन्ही गावं तिला बु म्हणायची, म्हणजे आजी. ती कुणाची सख्खी आजी आहे हे आता तिलाही आठवत नसे. तरुणपणी तिने नाम्बुका आणि वायतोलाचं भांडण मिटवलं होतं. नाम्बुकाचं एक डुक्कर लग्नासाठी पोसलेलं, ते एका सकाळी खाडीपलीकडे वायतोलात सापडलं. म्हणजे डुक्कर नव्हे, त्याची हाडं सापडली. वायतोलावाले म्हणाले, डुक्कर आपल्या पायाने चालत आलं. नाम्बुकावाले म्हणाले, उचलून नेलं. झालं! दोन्हीकडचे गडी वल्ही आणि काठ्या घेऊन खाडीवरच्या पुलाच्या दोन टोकांना उभे राहिले. तितिलिया त्या पुलाच्या मधोमध जाऊन बसली, आणि भांडण मिटलं. तेव्हापासून डुक्कर चालत आलं की उचलून नेलं, हा प्रश्न दोन्ही गावांत कुणी तोंडातून काढत नसे.

विलिमाइना वही-पेन घेऊन बुच्या ओट्यावर गेली.

"बु, त्या दिवशी तुमच्या मनात शांततेचा विचार कसा आला?"

"कसली शांतता?" बु म्हणाली. "मला बाजारात जायचं होतं. डोक्यावर वांग्यांची टोपली, ऊन हे असं, आणि हे रेडे पूल अडवून उभे! सरका म्हटलं तर कुणी सरकेना. मग बसले मधेच."

"मग तुम्ही दोन्ही गावप्रमुखांना समजावलंत..."

"समजावलं? एकेक कानाखाली काढली!"

विलिमाइनाचं पेन थांबलं. गावप्रमुखाच्या डोक्याला नुसता हात लागला तरी सात पिढ्या पुरणारा गुन्हा, आणि इथं कानाखाली! हे पोरांच्या पुस्तकात? शांतिदूताच्या चरित्रात? तिने क्षणभर विचार केला आणि लिहिलं: 'तितिलियाने दोघांचे हात हातात घेतले. तिचे डोळे भरून आले होते. ती हळुवारपणे म्हणाली, आपण सारी एकाच समुद्राची लेकरं.'

स्वतःचंच वाक्य वाचून विलिमाइनाला हुंदका आला.

डुकराबद्दल मात्र तिने फार सावधपणे लिहिलं. नवव्या पानावर एकच ओळ: 'एके दिवशी एक डुक्कर हरवले.' कुणाचं, कुठं, कसं, अवाक्षर नाही! चिमट्याने उचलून ठेवावी अशी ओळ. आपलं आपल्यालाच कौतुक वाटून ती त्या रात्री लवकर झोपली.

पण ओळ एवढीशी, आणि पान केवढं मोठं! रिकामं पान बघून आपेनिसाला राहवेना. त्याने तिथं डुक्कर काढलं. गुलाबी, गुबगुबीत, पापण्यांसकट. मग डुक्कर हवेत लटकल्यासारखं दिसायला लागलं, म्हणून ते एका माणसाच्या खांद्यावर ठेवलं. माणूस म्हटला की त्याला चेहरा लागतो. आणि आपेनिसा रोज पहाटे ज्याच्याबरोबर मासेमारीला जायचा, त्याचाच चेहरा त्याच्या हाताला सवयीचा होता.

विलिमाइनाने ते चित्र पाहिलं. पण डुक्कर इतकं गोजिरं होतं की तिची नजर वर सरकलीच नाही!

प्रकाशनाचा दिवस उजाडला. शाळेच्या पटांगणात चटया अंथरल्या, जमिनीतल्या भट्टीत दालोचे, म्हणजे अळूचे, कांदे आणि मासे भाजत पडले, लाकडी परातीत यांगोना, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं मानाचं पेय, कालवली गेली. दोन्ही गावं नटूनथटून आली. नाम्बुकाचे गावप्रमुख एरोनी उजवीकडे, वायतोलाचे कामिनिएली डावीकडे, आणि मधे मानाच्या खुर्चीवर बु तितिलिया. बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. शेजारी लाम्बासाहून बसने आलेल्या अतेथाबाई. पुस्तक त्यांना आवडलं तर ते बेटावरच्या प्रत्येक शाळेत जाणार होतं!

"आणि आता," ती माईकशिवायच ओरडली, "माझ्या यजमानांनी सर्वांसाठी एक खास भेट आणली आहे!"

ही भेट काय आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं. आपेनिसाने दोरी ओढली. पडदा सरकला. मागे चादरीएवढ्या कापडावर रंगवलेलं त्याचं सर्वांत आवडतं चित्र झळकलं. पान नववं!

टाळ्यांसाठी वर गेलेले हात वरच राहिले.

डुक्कर तर सुंदर होतंच. पण त्याच्याखालच्या माणसाला जे कान होते, ते अख्ख्या किनाऱ्यावर एकाच घराण्यात होते. वाऱ्याला लागले तर होडी ओढतील असे कान. सगळं पटांगण त्या चित्राकडे बघत होतं, आणि मग सगळं पटांगण कामिनिएलींच्या कानांकडे बघू लागलं. कामिनिएलींनी नकळत दोन्ही कान झाकले.

पहिलीतली एक मुलगी आनंदाने किंचाळली, "कामिनिएली आजोबा, तुमचा फोटो!"

"माझा नाही!" कामिनिएली गरजले.

"बरोबर आहे," एरोनी आरामात मांडी बदलत म्हणाले. "त्यांच्या वडिलांचा आहे. इतक्या वर्षांनी का होईना, खरं छापून आलं! बाई, आमच्या गावाला अजून प्रती मिळतील का?"

"एरोनी, तोंड सांभाळ! डुक्कर चालत आलं होतं!"

"चालत? खाडीतून? भरतीला?"

"डुकराला पोहता येतं!"

"येतं ना! आणि पोहून झाल्यावर आपणहून भट्टीत जाऊन झोपतं!"

नाम्बुकाची बाजू खो खो हसली. वायतोलाची बाजू ताडकन उठली. कुणीतरी डाव उगारला. हातात डाव होता कारण तो जेवण वाढत होता, पण उगारला तो उगारलाच! वायतोलाच्या बायका पोरांना बखोटीला धरून ओढू लागल्या. "चला घरी! चोर म्हणणाऱ्या शाळेत आमची पोरं शिकणार नाहीत!" पोरं भोकाड पसरून रडायला लागली. पोरं रडतील म्हणून विलिमाइनाने म्हटलं होतं खरं, पण अशी नव्हे!

तिच्या पायाखालची जमीन सरकली. अर्धी शाळा डोळ्यांदेखत चालली होती. अर्धी शाळा गेली की दुसरी अर्धी टिकते थोडीच!

"थांबा! थांबा! चूक दुरुस्त करते!" ती ओरडली, फळा रंगवायला आणलेला काळा रंग आणि ब्रश उचलला आणि चित्रावर तुटून पडली. कान गेले पाहिजेत! तिने डावा कान काळा केला. मग उजवा. मग दोन्ही बाजू सारख्या दिसेनात म्हणून डावीकडे थोडा आणखी रंग, मग उजवीकडे, मग वरून गोल. घामाघूम होऊन ती मागे सरकली.

"झालं! आता हा कुणीच नाही!"

पुन्हा सगळ्या नजरा वळल्या. यावेळी उजवीकडे.

चित्रातल्या माणसाचे कान गेले होते, पण त्या जागी केसांचा प्रचंड गोल टोप उगवला होता. छत्रीसारखा. आणि असा टोप किनाऱ्यावर एकाच माणसाने मिरवला होता. त्याची तसबीर नाम्बुकाच्या चर्चमध्ये लटकत होती.

"हे माझे वडील आहेत," एरोनी सावकाश म्हणाले.

आता हसायची पाळी वायतोलाची होती. कामिनिएलींनी तर चटईवर लोळण घेतली. "म्हणजे स्वतःचंच डुक्कर स्वतःच चोरलं होय! आणि आळ आमच्यावर!"

"बाई!" एरोनींचा आवाज खाडीपलीकडे ऐकू गेला असेल. "आमचीही पोरं उद्यापासून येणार नाहीत!"

"आपेनिसा, काहीतरी कर!" विलिमाइना कळवळून म्हणाली.

"तू डुकराला हात लावला नाहीस ना?" आपेनिसा काळजीने म्हणाला.

अतेथाबाईंनी पर्स उचलून छातीशी धरली. परतीची बस संध्याकाळी होती, आणि तोवर त्यांना जिवंत राहायचं होतं. विलिमाइना धावत जाऊन बुच्या पायाशी बसली.

"बु! उठा! भांडण पेटलंय! शांतता करा ना!"

बुने एक डोळा उघडला. "जेवण वाढलं का?"

"नाही अजून."

"मग भांडतात कशाला उपाशीपोटी?" तिने पटांगणभर नजर फिरवली. "आणि माझं पुस्तक कुठाय? एवढं माझ्यावर लिहिलं म्हणता, मला कुणी वाचून दाखवलं का?"

बुने काही मागितलं आणि ते दिलं नाही, असं दोन्ही गावांत कधी झालं नव्हतं. उगारलेला डाव खाली आला. चौथीतली सेरा पुढे झाली, घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात वाचू लागली: "तितिलियाने दोघांचे हात हातात घेतले. तिचे डोळे भरून आले होते..."

"कुणाचे?" बुने विचारलं.

"तुमचे, बु."

"मी रडले?"

"पुढे आहे ना. ती हळुवारपणे म्हणाली..."

"हळुवारपणे?" बु खुर्चीतून उभी राहिली. वर्षभरात ती कुणाच्या आधाराशिवाय उभी राहिली नव्हती! "अगं ए विलिमाइना! तुला मी काय सांगितलं होतं? दोघांच्या कानाखाली काढली होती! सण्णदिशी!"

पटांगण गार पडलं. आणि त्या गारठ्यात एरोनींच्या तोंडून निघून गेलं, "हो. मी पुलाखाली होतो. वडिलांच्या केसांतला कंगवा उडून माझ्या अंगावर पडला."

"कंगव्याचं काय घेऊन बसलास!" कामिनिएली म्हणाले. "आमच्या वडिलांना तीन दिवस डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं!"

"म्हणजे तुमच्यावर जोरात पडली?"

"जोरात म्हणजे! पुलाच्या काठ्या हलल्या!"

"आमचे वडील तर खाडीत पडता पडता वाचले!"

"आणि मग त्या दोघांनी बुची वांगी बाजारापर्यंत नेली!"

"टोपलीचा एक कान यांच्या वडिलांनी धरला, एक आमच्या!"

दोघं बोलता बोलता कधी शेजारी येऊन बसले ते त्यांनाच कळलं नाही. मागची म्हातारी माणसंही सरसावून बसली. मीही पाहिलं, मीही तिथंच होतो, माझ्या आईने मला झाडावर चढवलं होतं. इतकी वर्षं लाजेने गिळलेली गोष्ट एकदम सगळ्यांच्या तोंडून फुटली, आणि दोन्ही गावं पोट धरून हसू लागली. डाववाल्याने डोळे पुसायला डावच वापरला.

विलिमाइनाचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात कामिनिएली गंभीर झाले.

"पण बाई, तुम्ही आमच्या बुला रडकी केलंत."

"आणि आमच्या वडिलांना डुक्करचोर," एरोनी म्हणाले.

"आधी आमच्या वडिलांना!"

"दोघांच्याही वडिलांना!"

दोन्ही गावं एकमुखाने विलिमाइनाकडे वळली. अशी एकी त्या खाडीवर पूर्वी कुणी पाहिली नव्हती. निकाल तिथंच लागला: बाईंनी रिवाजाप्रमाणे माफी मागायची, मानाचा देवमाशाचा दात पुढे ठेवून. आता देवमाशाचा दात काही शाळेच्या सामानात मिळत नाही. विलिमाइनाला सासूच्या पेटीपर्यंत धावत जावं लागलं, आणि सासूने तो देताना जे ऐकवलं ते कुठल्याही चरित्रात छापता येणार नाही.

ती परत आली, गुडघ्यांवर बसली, मान खाली घातली. दात एक आणि गावं दोन! एरोनींनी हात पुढे केला, कामिनिएलींनीही केला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हवा परत तापू लागली.

"इकडे आणा तो," बु म्हणाली. "मी ठेवते."

दोघांचे हात मागे गेले. दोघांनीही आपापले कान मात्र हळूच चाचपले.

मग जेवणं झाली. यांगोनाची करवंटी फिरू लागली, प्रत्येक घोटामागे रिवाजाच्या टाळ्या वाजू लागल्या, पोरं पुन्हा एकाच चटईवर लोळू लागली. अतेथाबाईंच्या गालांवर रंग परत आला. त्यांनी पुस्तक चाळून विलिमाइनाच्या हातात परत दिलं.

"छान आहे हो. पण अडचण अशी की जसं आहे तसं घ्यावं तर ते खोटं आहे, आणि खरं छापावं तर शाळेत मारहाणीला बंदी आहे."

विलिमाइनाचा चेहरा पडला. तो बघून अतेथाबाईंना दया आली.

"असं करा, पुढच्या वेळी शांतिदूत नको. एखादा शास्त्रज्ञ घ्या. माशांचा अभ्यास केलेला, झाडपाल्याचा अभ्यास केलेला, आपल्याच किनाऱ्यावरचा. शास्त्रज्ञावरून काय भांडण होणार!"

विलिमाइनाचे डोळे लकाकले. खरंच की! शास्त्रज्ञ! तिने उत्साहाने तोंड उघडलं. नाव तिच्या जिभेवर होतं. प्रवाळाचा अभ्यास करणारा तो म्हातारा...

एरोनी आणि कामिनिएली, दोघांच्या माना एकदम वळल्या.

"कुठल्या गावचा?"

विलिमाइनाने तोंड मिटलं, समोरची करवंटी उचलली आणि एका घोटात रिकामी केली.