भात करपेना!

हाइंगूने आजवर कुठलीही पाककृती होती तशी केली नव्हती. त्यात चिमूटभर स्वतःचं घातल्याशिवाय तिला चैन पडत नसे, आणि ते चिमूटभर वहीत नीट टिपलंही जाई. पण आज गावाहून सासूबाई पहिल्यांदाच अंत्सिराबे शहरात तिच्याकडे जेवायला आल्या होत्या. सून म्हणून तिचा निकाल आज लागायचा होता.

मांस घातलेली पालेभाजी झकास उतरली होती. भात नव्या विजेच्या कुकरमध्ये लावलेला. शीत न् शीत मोकळं! हाइंगूने कौतुकाने तळापर्यंत डाव घातला. बूड लख्ख होतं.

"सेत्रा, भात लागलाच नाही रे!" ती नवऱ्याच्या कानात कुजबुजली.

"बरं झालं की."

"डोंबलाचं बरं! खरवड नाही तर ते ‘रानूव्हूला’ कशाचं करू? जेवणावर नेनी काय पिणार?"

सेत्राचा चेहरा पडला. करपलेल्या खरवडीवर पाणी ओतून उकळलेलं ते तांबूस, खमंग पाणी, म्हणजेच ‘रानूव्हूला’, प्यायल्याशिवाय नेनीच्या, त्याच्या आईच्या, लेखी जेवण पुरंच होत नसे.

"बाटलीतलं सरबत आणू?"

"आण. येताना माझं माहेरचं तिकीटही आण!"

तिने कुकरचं बटण पुन्हा दाबलं. ते ठक्कन वर आलं. चारदा दाबलं, चारदा वर आलं. मग तिने मूठभर भात कढईत घेतला. तो बराच वेळ पांढरा राहिला आणि मग एकदम काळा झाला. पाण्याला कोळशाची चव आली. तिने साखर घातली, मग चिमूटभर कॉफी. सेत्राने घोट घेतला.

"खोकल्यावर चालेल," तो म्हणाला.

जन्मभर भात करपू नये म्हणून जपणारी बाई आज भात करपेना म्हणून रडकुंडीला आली.

सासूबाई मुकाट्याने जेवल्या आणि त्यांनी रिकामा पेला पुढे सरकवला.

"नेनी," हाइंगू कशीबशी म्हणाली, "भात करपला नाही."

"जरासुद्धा?"

"जरासुद्धा नाही."

सासूबाई उठल्या. उरलेला भात त्यांनी जुन्या पातेल्यात थापला, पातेलं शेगडीवर चढवलं आणि डोळे मिटून डावा कान त्याच्याजवळ नेला.

"कुणी बोलू नका."

सेत्रा तर श्वासही बेतानेच घेत होता. भात तडतडू लागला, तरी सासूबाई हलल्या नाहीत. मग एकाएकी त्यांचा हात वर गेला.

"पाणी!"

चर्रर्र आवाज झाला आणि असा काही दरवळ सुटला की शेजारीण खिडकीशी येऊन उभी राहिली. हाइंगूने घोट घेतला आणि तिचे डोळे भरून आले. केवढी ही विद्या! ना घड्याळ, ना माप, नुसता कान. आपल्या वहीची तिला लाज वाटली.

सेत्रा पेले घेऊन बाहेर गेला, तसे तिने हात जोडले.

"नेनी, मला शिकवाल? पातेलं नेमकं काय सांगतं?"

सासूबाईंनी दार लोटून घेतलं.

"अगं, पातेलं कसलं सांगतंय! घरी मी गप्पा मारत बसते आणि भात आपला आपण करपतो. मुद्दाम करपवायची वेळ आजच आली. सुनेपुढे फजिती नको, म्हणून लावला कान."

"मग पाणी कधी ओतायचं ते कसं कळलं?"

"वास आला की! तुला नाही आला?"

"आणि कानाने?"

"या कानाने? त्याने मला सात वर्षांत काही ऐकू आलेलं नाही."