टेंभरेभाऊंचा भिंतीवरचा पंच

आमच्या शेजारचे टेंभरेभाऊ कुठलीही वस्तू घरी नेऊन वापरून पाहिल्याशिवाय विकत घेत नाहीत, आणि जी घरी नेता येत नाही ती दुकानातच वापरतात. सोफा घ्यायचा होता तेव्हा ते जेवणाचा डबा घेऊन दुकानात गेले, सोफ्यावर बसून जेवले आणि तिथेच डाव्या कुशीवर झोपले. दुकानदाराने उठवलं तर म्हणाले, "उजवी बाजू राहिली ना अजून." दाराची कडी घ्यायची होती तर ती एका फळकुटावर ठोकून गोंदियाजवळच्या फुलचूरमधल्या आमच्या गल्लीत घरोघर फिरवली. माझ्या सासूबाईंना ती लावता आली, उघडता काही येईना. कडी परत गेली.

जावईसुद्धा त्यांनी असाच घेतला. मुलगा मुलीला पाहायला आला तर त्याला पोहे देऊन वाटेला लावायचं सोडून चांगला ठेवून घेतला. त्याला बाजारात नेलं, उन्हात उभा केला, मुद्दाम खारट वरण वाढलं. पोरगा मुकाट्याने जेवला. तो बिचारा अजूनही सासुरवाडीला आला की कुणी न सांगता आपलं ताट उचलतो. परीक्षा संपल्याचं त्याला कुणी कळवलेलंच नाही.

"शिजवून पाहू, मंग बोलू," हे भाऊंचं पेटंट वाक्य. ते धंद्यातून आलं. भाऊ धानाचे दलाल होते. पोत्यात परखी, म्हणजे टोकदार पोकळ सळई, खुपसून मूठभर धान काढायचं, भरडायचं, तांदूळ घरी आणून शिजवायचा आणि तो भात परक्या माणसांना खाऊ घालून मगच सौदा बोलायचा. परकीच माणसं का, तर "आपलं तोंड आपल्याले फसवते." हा नमुन्याचा भात जन्मभर शिजवला भाऊंच्या बायकोने, फुलवंतावहिनींनी. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला हाक मारून घरात बसवलं आणि नुसता कोरडा भात पुढ्यात ठेवला. मला वाटलं, या गावची पाहुणचाराची रीतच अशी दिसते. नंतर कळलं की मी पाहुणी नव्हते, परकं तोंड होते.

असा हा संसार सुखाचा चालला होता. मग लेकीने हौसेने आईबापांच्या खोलीत एसी बसवून दिला, आणि घरात महाभारत सुरू झालं.

भाऊंचं म्हणणं, "उभी जिंदगी गोदामात उकडून निघालो, आता मले थंडं राहू द्या." त्यांना वीस पाहिजे. वहिनींना अठ्ठावीस पाहिजे. भाऊ वीस करून डोळे मिटायचे, वहिनी अठ्ठावीस करून रिमोट लपवायच्या. तो रिमोट तांदळाच्या कोठीत सापडला आहे, पापडांच्या डब्यात सापडला आहे, एकदा तर कुणालाच सापडला नाही आणि भाऊ स्टुलावर चढून एसीला हाताने थापट्या मारत होते. बाहेर ऊन असं की कावळासुद्धा सावली सोडत नाही, आणि या घरात एक जण उघडा आणि एक जण गोधडीत. मी दोघांनाही सांगून पाहिलं की बाबांनो, चोवीस करा. दोघांनीही माझ्याकडे फितूर माणसाकडे पाहावं तसं पाहिलं.

एका दुपारी भाऊ बोलू नये ते बोलले. "तुले एवढी थंडी वाजते तं केशोरीले जाऊन राह्य." केशोरी म्हणजे वहिनींचं माहेर. वहिनी सरळ बाई. टोमणा वगैरे त्यांना कळत नाही, सांगितलेलं कळतं. त्यांनी पिशवी भरली, मला मोगऱ्याला पाणी घालायला सांगितलं आणि एसटीने केशोरीला भावाकडे निघून गेल्या.

"येईल दोन दिवसात," भाऊ म्हणाले. दोन दिवस झाले, आठवडा झाला. बाजारात आंबे स्वस्त झाले, तरी वहिनी आल्या नाहीत. वीसवर एसी लावून एकटे पडलेले भाऊ दिवसातून चारदा आमच्या अंगणात यायचे. कधी विरजण मागायला, कधी विरजण लागलं नाही हे सांगायला.

"फोन करा ना मग," मी म्हटलं.

"मी कायले करू? गेली कोन? ते गेली. तं फोन तेनं करावा."

"पाठवलं कोणी?"

यावर ते विरजणाची वाटी घेऊन निघून गेले. पण दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे राहिले. मी शाळेत शिकवते, म्हणून त्यांची मी मॅडम. "मॅडम, चला बाजारात. हा झगडा माणसाचा नाही, रिमोटचा हाये. मधात एक पंच पाहिजे. लेक सांगत होती, तशी मशीन निघाली हाये म्हणे."

त्या मशीनचं नाव स्मार्ट थर्मोस्टॅट. साबणाच्या वडीएवढी डबी, भिंतीवर लावायची. खोली किती तापली ते पाहून एसीला ती हुकूम देते. गोंदियाच्या बाजारातला दुकानदार पोरगेलासा होता आणि भाऊंना ओळखत नव्हता, म्हणून फार उत्साहाने बोलत होता.

"काकाजी, ये सब खुद समझ लेता है."

"किसको समझता है?" भाऊंनी विचारलं. "मेरे को, की मेरी बाई को?"

पोरगा गडबडला. त्याने दुसरी डबी काढली. "ये वाला आदमी को देखके चलता है. रूम में कोई नहीं, तो बंद." मग तिसरी काढली. "और ये सिंपल है. खाली फोन से चलता है. दो फोन पे भी. घरवाली बाहरगाव गई हो, तो वहां से भी कम-ज्यादा कर सकती है."

भाऊ त्या तिसऱ्या डबीकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले. पण नियम म्हणजे नियम. "तिन्ही दे. शिजवून पाहतो."

दुकानदाराची समजूत कशी घातली ते विचारू नका. मी तेवढा वेळ पंख्यांच्या किमती वाचत उभी होते.

परीक्षा रविवारी सुरू झाली. परकी तोंडं म्हणून मी, माझा नवरा आणि सासूबाई अशा आम्हा तिघांना खोलीत ओळीने बसवलं. दार लावून घेतलं. भाऊ एकेकाच्या तोंडाकडे निरखून पाहायचे आणि विचारायचे, "गरम होऊन राहिलं, का थंडी वाजून राहिली?" माझा नवरा सभ्य माणूस. तो म्हणाला, "छान आहे." भाऊ चिडले. "छान नको सांगू. भात छान हाये असं सांगितल्यावर मी कधी सौदा केला नाही. चिकट हाये का मोकरा, ते सांग."

पहिली डबी माणसाची सवय शिकणारी. दोन-तीन दिवसांत ती नीट शिकली आणि आपणहून वीसवर जाऊन बसली. कुणालाही आनंद झाला असता. भाऊंनी ती तोंड वाकडं करून काढली. "हे तं माह्यावरच गेली. बाईचं काय शिकन? बाई घरात हाये का शिकवायले?"

दुसरी डबी माणूस पाहून चालणारी. सगळं ठीक चाललं होतं, पण सासूबाईंना गारव्यात डुलकी लागली. आम्ही दोघं पाणी प्यायला बाहेर आलो, भाऊ दुकानदाराला फोन करायला गेले, आणि डबीने खोली रिकामी आहे असं ठरवून एसी बंद केला. सासूबाई घामाघूम होऊन उठल्या. यंत्राने आपल्याला माणसांत धरलं नाही हे कळल्यावर त्यांनी ते यंत्र, ते दुकान आणि भाऊ या तिघांचाही उद्धार केला. डबी परत गेली.

राहिली तिसरी. तिची परीक्षा काही झालीच नाही. त्याच संध्याकाळी भाऊंनी ती भिंतीवर बसवून घेतली. मी म्हटलं, "अहो, हिला शिजवून नाही पाहिलं?" तर म्हणाले, "दाना चांगला दिसून राहिला." इतक्या वर्षांत भाऊंनी नुसता दाणा पाहून घेतलेली ही पहिली वस्तू.

आता ही बातमी केशोरीला पोचवायची कोणी? अर्थात मी. वहिनींना फोन लावला तर त्या मजेत होत्या. "इथं लिंबाखाली खाट टाकून बसून राहिलो ना मी. एसी कायले पाहिजे?" मी सांगितलं की डबी तुमच्याही फोनवरून चालते. त्यांनी मोगऱ्याला पाणी घातलं का ते विचारलं. पण भावाच्या मुलीकडून त्यांनी ते ॲप लावून घेतलं असावं.

कारण दुसऱ्या दुपारी भाऊ अंगणात आले ते हळू आवाजात बोलत. "मॅडम, चला जरा. डबी आपोआप चालून राहिली."

जाऊन पाहिलं. भिंतीवर वीस होतं ते बावीस झालं. पंचवीस झालं. अठ्ठावीसवर जाऊन थांबलं. भाऊ खाटेच्या काठावर बसून त्या आकड्याकडे असे पाहत होते, जणू दारात कुणी उभं आहे. "केशोरीहून करून राहिली ते," ते म्हणाले.

"मग तुमच्या फोनवरून कमी करा की."

"राहू द्या. तेनं केलं हाये."

त्या दिवसापासून त्या घरात अठ्ठावीस चालू झालं. भाऊ दुपारभर बनियन भिजवत बसायचे, पण आकड्याला हात लावायचे नाहीत. पहाटे आकडा हलला की म्हणायचे, "उठली." दुपारी हलला की म्हणायचे, "जेवण झालं वाटते." फोन मात्र ना इकडून जात होता, ना तिकडून येत होता. मला दोघांचाही राग आला. एवढी साधी माणसं, आणि नवराबायकोचं बोलणं चाललंय एसीच्या मार्फत.

शेवटी मीच वहिनींना झापलं. म्हटलं, "वहिनी, थंडी तुम्हाला वाजते. तुम्ही तिकडे कडुलिंबाखाली. मग इथे त्या माणसाला कशाला उकडवता?"

"मले कुठं थंडी वाजते?" वहिनी म्हणाल्या. "धानाच्या कोंड्यानं छाती खराब झाली त्यायची. थंडं लागलं का रातभर खोकलतात. आपण खोकलून राहिलो हे झोपेत त्यायले समजत नाही. मले समजते."

"हे त्यांना सांगितलं का नाही कधी?"

"सांगितलं असतं तं ऐकलं असतं का? म्हणले असते, शिजवून पाहू."

मी फोन ठेवला आणि मला खरंच भरून आलं. गोधडी घेऊन बसणारी ती बाई, आणि आम्ही सगळी गल्ली तिला नाजूक म्हणत होतो. मी तशीच उठून भाऊंकडे गेले आणि सगळं शब्दाला शब्द सांगून टाकलं. भाऊंनी ऐकून घेतलं. खांद्यावरच्या दुपट्ट्याने मान पुसली.

मग परवाची दुपार. मी शाळेची पेपरतपासणी आटोपून घरी आले तर भाऊ त्यांच्या ओसरीत मीटरच्या पेटीजवळ खुर्ची टाकून बसलेले. समोर मोबाईल. आत एसी बंद, पंखा बंद, घामाने सदरा अंगाला चिकटलेला.

"लाईट गेली का भाऊ? आमच्याकडे तर आहे."

"मेन स्विच पाडलो."

"का हो?"

"काल लाईट गेली होती ना," ते खालच्या आवाजात म्हणाले. "डबी बंद झाली. तिकडं तेच्या फोनवर काही दिसेना. तं घाबरून आमच्या लेकीले फोन केला तेनं. लेकीले केला, मले नाही. आज लेकीले मीच सांगितलं, तिचा फोन उचलू नको म्हणून. आता मलेच करा लागन."

अशा उन्हात, पासष्टी ओलांडलेला माणूस, स्वतःच्या हाताने घरची वीज घालवून बायकोच्या फोनची वाट पाहत बसलेला. मी ओरडणार होते, तेवढ्यात मोबाईल वाजला. भाऊंनी तो लगेच उचलला नाही. आधी घसा साफ केला.

"हॅलो." पलीकडचा वहिनींचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता.

"डबी काऊन बंद झाली? तुमी बरे हाव ना?"

"लाईट गेली," भाऊ धडधडीत खोटं बोलले.

"मंग बाहेर येऊन बसा. आत नका राहू. जेवले का?"

"जेवलो." आणि मग भाऊ खोकले. इतका वाईट, इतका बनावट खोकला मी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातसुद्धा ऐकलेला नाही.

वहिनींना खरं-खोटं कळलं नसेल असं मला वाटत नाही. जन्मभर त्यांनी तो खोकला ऐकला आहे.

"खोकला येऊन राहिला का?" त्यांनी विचारलं.

"थोडासा." भाऊंचा आवाज मात्र आता खराच फुटला. "तू ये ना घरी. मी चुकलो."

"येतो मी," वहिनी म्हणाल्या. "उद्याची गाडी कधी हाये ते पाहतो." आणि फोन ठेवला.

भाऊ मोबाईल छातीशी धरून बसून राहिले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी घामासोबतच पुसलं, म्हणजे मला दिसू नये. मी उठून मेन स्विचकडे हात नेला, तर त्यांनी माझा हात अडवला.

"थोडा वेळ राहू द्या मॅडम," ते म्हणाले. "गाडीचा टाईम सांगायले आणखी एक फोन करन ते."

मग मीही एक खुर्ची ओढून तिथेच बसले.