एकूण मापाचा कोट

अहवाल कसा लिहावा, हे आमच्या हॉटेलात कुणी शिकावं तर माझ्याकडून! मी स्वतःच सांगतोय म्हणून ते खोटं ठरत नाही.

उद्घाटनासाठी सगळ्या नोकरवर्गाला नवे कोट शिवायचे होते. कारकुनाने मापांची चार पानं लिहून आणली. वाचता वाचता मॅनेजरबाई पेंगल्या. मी म्हटलं, "बाई, याचा क्रॉसटॅब करतो. आडव्या ओळीत कामं, उभ्या रकान्यात मापं, दोन्ही भेटतील तिथे आकडा. झोपेतही कळेल!"

तक्ता इतका देखणा झाला की दृष्ट काढावी. ओळींत वेटर, दरबान, लिफ्टमन. रकान्यांत लहान (छत्तीस), मध्यम (चाळीस), मोठा (चव्वेचाळीस) आणि शेवटी ठळक अक्षरांत 'एकूण'. त्याचीच प्रत शिंपीकाकांना धाडली आणि मी मिशीला पीळ देत बसलो.

उद्घाटनाच्या आदल्या सकाळी काका टेम्पो घेऊन हजर!

"साहेब, एकूणवाले आधी शिवले. ठळक लिहिलं होतंत, म्हटलं त्यांचीच घाई असणार."

"एकूणवाले?"

काकांनी एक कोट उलगडला. उलगडतच राहिले! आमचा धिप्पाड दरबान त्यात शिरला, तो हाका मारून शोधावा लागला.

"काका, हे कसलं माप?"

"तुमचंच की! छत्तीस, चाळीस, चव्वेचाळीस... एकूण एकशे वीस!"

"अहो, एवढ्या मापाची माणसं असतात का?"

"मलाही शंका आली. पण म्हटलं, हॉटेलातलं खाणं!"

"आणि लहान, मध्यम, मोठे?"

"कापडच संपलं."

तेवढ्यात मॅनेजरबाई आल्या. "हा तंबू कुणी मागवला?"

माझं डोकं जाग्यावर होतं. "बाई, ही नुसती बेरीज आहे. उसवली की आकडे सुटे! एकातून तीन कोट निघतील."

दिवसभर लॉबीत कात्र्या चालल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कोट मिळाले. उरलेल्यांचे पडदे झाले. घाईत काही खिसे पाठीवर गेले, पण पाहुण्यांना ती नवी फॅशन वाटली!

बाईंनी मला काढलं नाही. एवढंच म्हणाल्या, "पुन्हा ते 'एकूण' नको."

मी एकदा चुकतो, दोनदा नाही! पुढे सगळ्यांना टोप्या शिवायच्या ठरल्या, तेव्हा त्यांच्या तक्त्यात शेवटच्या रकान्यावर स्वच्छ शब्दांत लिहिलं, 'सर्व मिळून'.

काल काकांचा फोन आला. "साहेब, सर्व मिळून एकच टोपी शिवतोय. फक्त डोकी जवळजवळ ठेवायला सांगा!"