आठपैकी आठ

घराची कौलं उतरवून पत्रे घालायचे, हा ठराव आमच्या घरात एप्रिलमध्ये एकमताने मंजूर झाला. निकड बियाण्याची होती. पेरणीसाठी राखलेलं भात कणगीत होतं आणि बरोबर कणगीवरची कौलं माकडांनी फोडली होती.

"लखमाला सांग. दोन दिसांत करून देल," आई म्हणाली. लखमा शेजारच्या पाड्यावरचा, छपराची कामं करणारा.

मी बीएस्सी आहे. आई म्हणाली एवढ्या आधारावर निर्णय घेणं मला शक्य नव्हतं. मी तक्ता आखला : कंत्राटदार, ग्राहकाचा अभिप्राय, इतर निरीक्षणं. मग शहापूर-मुरबाड रस्त्यावरची, तीन वर्षांत पत्रे चढलेली सोळा घरं मोटारसायकलवरून गाठली.

आठ घरांवर लखमाचं काम होतं. तिथले अभिप्राय निराशाजनक निघाले.

"पत्रे कोणी घातले, काका?" मी नवसूकाकांना विचारलं.

"तो नाय का पाड्यावरचा. नाव नाय ध्यानात."

"समाधानी आहात?"

"कशाबद्दल रे?"

"छपराबद्दल."

काकांनी वर पाहिलं. बहुधा तीन वर्षांत पहिल्यांदाच. "हाय की वर."

'अभिप्राय नाही' अशी नोंद करून मी ती आठही घरं नियमाप्रमाणे बाद केली.

उरलेल्या आठ घरांत शहापूरच्या सुदामशेठचं नाव तोंडपाठ होतं. फोन नंबरसुद्धा.

"सोन्यासारखा मानूस," आमच्या गावच्या मालूमावशी म्हणाल्या. "डोळं झाकून काम दे. पन कधी देतोस?"

"मावशी, पत्र्यांवर निळं प्लास्टिक कशाला?"

"उन्हाला, बाबा. पत्रा तापतो. तू तारीख सांग ना."

निळं प्लास्टिक आठही घरांवर होतं. 'उष्णतारोधक थर, आठपैकी आठ,' मी लिहिलं. काम कधी सुरू होणार हेही आठही जणांनी विचारलं. ग्राहकांची एवढी आस्था मी कुठल्याही अभ्यासात वाचली नव्हती.

सुदामशेठने मेमध्ये पत्रे घातले आणि दहा वर्षांची लेखी गॅरंटी दिली. अन्य व्यक्तीने छपरास हात लावल्यास ती रद्द होणार होती.

पेरणीला बारा दिवस असताना अर्धा तास वळीव पडला. चौथ्या दिवशी आईने कणगीत हात घातला. वरच्या हातभर भाताला मोड आले होते. मी शंभर दाणे मोजले. उगवण चौऱ्याण्णव टक्के भरली. आकडा उत्तम होता, पण आईला सांगण्याची ती वेळ नव्हती.

"खालचं आजून कोरडं हाय," ती म्हणाली. "लखमाला बोलव."

"गॅरंटी जाईल."

"मंग गॅरंटीवाल्याला बोलव."

सुदामशेठ फोनवर फार नम्र होते. "येतो ना, दादा. पण एका गळतीसाठी आमी माणसं काढत नाय. तुमच्या रस्त्याला नवं काम निघालं की त्याच फेरीत तुमचंही करतो. मालूमावशींचं नाय का, तुमच्या फेरीत करून दिलं?"

मी बाहेर जाऊन पाहिलं. मावशींच्या छपरावरचं निळं प्लास्टिक निघालं होतं. मी आमच्यासाठी विकत आणलं. वारा ते नेमकं कणगीच्या वरच उचलतो.

काल शेजारची अंजू आली. तिलाही कौलं काढायची आहेत. विश्वासाचा माणूस कोण, असं तिने विचारलं. मी तक्ता शोधत होतो, तेवढ्यात आई कणगीवर हात ठेवून म्हणाली, "सुदामशेठ. लय चांगला मानूस, गो. याच आठवड्यात घालून घे."

"आमचं दिवाळीनंतर आहे, मावशी," अंजू म्हणाली.

पेरणीला सहा दिवस उरले आहेत. तेव्हा आमच्या रस्त्याला तुमचं किंवा तुमच्या नातलगांचं कौलारू घर असेल, तर कृपया लगेच कळवावं, अशा विनंतीसह मी हे सगळं जसं घडलं तसं लिहून लोकांना वाचायला दिलं. एवढं वाचल्यावर लोक लखमाचा नंबर मागतील, अशी मला भीती होती. अजून कोणी मागितलेला नाही. सगळे एकच विचारतात : सुदामशेठची गॅरंटी लेखी असते ना?

असते.